छातीतली रिकामी खोली

नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता जो माणूस रस्त्यावर दिसतो तो एक तर वेडा असतो, नाही तर त्याच्या घरचा कूलर बिघडलेला असतो. नंदनवनच्या त्या गल्लीत तर एप्रिल लागला की कुत्रीसुद्धा नालीत उतरून बसत. घराघरातून कूलरची घरघर तेवढी ऐकू येई, बाकी सगळी सामसूम. नवख्या माणसाला वाटावं, वस्ती उठून गेली की काय. सिंधूताई मात्र सकाळपासून याच वेळेची वाट पाहत असे. दोन वाजले की ती मागच्या खोलीत जाई, दार लोटून घेई, कूलर लावी, डाव्या कुशीवर आडवी होई आणि हळूच म्हणे, "या."

ज्याला ती बोलवायची तो तिचा नवरा धोंडबा. तो जाऊन चार वर्षं झाली होती.

धोंडबा कूलरच्या ताट्या बनवायचा. फेब्रुवारी सरता सरता सक्करदऱ्याच्या रस्त्याकडेला त्याचं दुकान लागायचं. दुकान म्हणजे काय, एक ताडपत्री, खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, मुळ्यांचा ढीग आणि तारेच्या चौकटी. चौकटीत खस असा दाबून भरायचा की पाणी धारेनं न पडता झिरपत राहिलं पाहिजे. हात खरबरीत, जीभ त्याहून खरबरीत, पण गिऱ्हाईक मोडायचं नाही. एकवीस सालच्या मार्चमध्ये त्यानं घरच्या कूलरच्या तीन ताट्या भरल्या, चांगला खस निवडून, आणि एप्रिलमध्ये तापानं फणफणून दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही. साथीचे दिवस. प्रीतमनं, म्हणजे मुलानं, घाटावर लांबून एक बांधलेली पिशवी पाहिली. सिंधूताईनं तेवढंही पाहिलं नाही. सकाळी चहा पिऊन रिक्षात बसलेला माणूस, तेच तिचं शेवटचं पाहणं.

आता सिंधूताईच्या छातीची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथंच घडलं.

धोंडबा जाण्याच्या तीन वर्षं आधी तिला टीबी झाली होती. सहा महिने गोळ्या झाल्या, एकही दिवस चुकला नाही, धोंडबानं चुकू दिला नाही. शेवटी सरकारी टीबी केंद्रातल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढं धरला आणि डाव्या बाजूला वर एक काळा गोल दाखवला. म्हणाले, "टीबी गेली, ताई. पण इथं पोकळी राहील. रिकाम्या खोलीसारखी. तिला आता इलाज नाही." धोंडबाला थट्टा सुचायला वेळकाळ लागत नसे. तो म्हणाला, "चाला, नंदनवनात एक खोली वाढली. भाडेकरू ठेवू."

कार्डावर "बरी झाली" असं लिहून मिळालं आणि सगळं संपलं. पुन्हा कधी यायचं, दम लागला तर काय करायचं, हे ना कुणी सांगितलं ना हिनं विचारलं. बरी झालेल्या माणसानं तक्रार करायची सोय नसते. जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबे, बादली उचलली की डोळ्यांपुढं अंधारी येई, आणि गल्लीतल्या बाया म्हणत, "टीबी गेली ना वं? मंग खोकलते काहून?" म्हणून मग ती खोकलाही पदरात दाबायला शिकली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

धोंडबा गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात पायलनं, म्हणजे सुनेनं, नव्या ताट्यांची गोष्ट काढली. नागपुरातल्या कुठल्याही पोराला विचारा, ताटी एका मोसमाची, होळी झाली की जुनी फेकायची. पण सिंधूताई कूलरपुढं हात पसरून उभी राहिली. "त्यायच्या हातचं हाये ते. कोणी बोट लावायचं नाही." पायलनं विषय सोडला. नुकत्या विधवा झालेल्या सासूशी कोण वाद घालणार? त्याच दुपारी जुन्या ताट्यांवर पाणी पडलं, ओल्या खसाचा वास सुटला, आणि सिंधूताईला ऐकू आलं, की खोलीत आणखी कुणी तरी श्वास घेतंय.

आधी तिला वाटलं, पंख्याचा आवाज. तिनं कूलर बंद केला. श्वास चालूच. तिचा बाहेर पडायचा, आणि अर्ध्या क्षणानं दुसरा बाहेर पडायचा. तिनं दम रोखून धरला. त्या दुसऱ्यानं आणखी एक श्वास घेतला, आणि मग तोही थांबला. लपाछपीत लपलेलं पोर थांबतं तसा. तिच्या अंगावर काटा आला. ती घाबरून उजव्या कुशीवर वळली, आणि आत, बरगड्यांच्या आत, काहीतरी सावकाश घरंगळलं आणि टेकलं. पलंगावर शेजारी निजलेल्या माणसानं कूस बदलावी, अगदी तसं.

तीस वर्षं शेजारी निजलेल्या माणसाची कूस बदलणं बाईला कळत नाही होय? भीती जशी आली तशी उतरली. तिनं छातीवर हात ठेवला आणि विचारलं, "तुम्ही हाये का जी?"

उत्तर यायला चार दिवस लागले. ओल्या ताटीतून वारा यावा तसा बारीक आवाज, कानात नव्हे, गळ्याच्या खाली. "सिंधू."

हे सांगायचं कुणाला? धोंडबाच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतलेली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि बावीस प्रतिज्ञा प्रीतमला शाळेच्या कवितेआधी पाठ. या घरात भूत, अंगारा, उतारा असला शब्द जरी निघाला असता तरी धोंडबानं जेवणाचं ताट सारून तासभर भाषण दिलं असतं. शेजारच्या घरची बाई असती तर लिंबू-मिरची घेऊन कुठं तरी गेली असती. सिंधूताईला तीही वाट नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिला वाट नकोच होती. नवरा घरी आला होता. घरी आलेल्या नवऱ्याला कुणी हाकलतं का?

मग रोजचा परिपाठ सुरू झाला. दोन वाजता ती आडवी व्हायची आणि त्याला सगळं सांगायची. प्रीतम वाडीच्या गोदामात लागला, माल उचलायची दोन सुळ्यांची गाडी चालवून त्याची कंबर धरते. पायल घरी ब्लाऊज शिवते, हात चांगला आहे, जीभ थोडी तेज आहे. तो ऐकायचा. "हो," म्हणायचा. "अस्सं," म्हणायचा. कधी तिचंच शेवटचं वाक्य परत म्हणायचा. हळूहळू मागू लागला. "पाणी टाक, सिंधू. सुकून राहिलं." ती उठून ताट्यांवर मगानं पाणी ओतायची. "खिडकी लाव. ऊन येते." ती खिडकी लावायची. पहिल्या वर्षी एक खिडकी, दुसऱ्या वर्षी दोन्ही, तिसऱ्या वर्षी तिनं फटींत कागद कोंबले. खोलीला पाणी साचल्याचा वास येऊ लागला, भिंतीचा कोपरा काळा पडला, आणि सिंधूताईला तो वास खसाचाच वाटत राहिला.

डिसेंबरात नागपूरला हुडहुडी भरते. गल्लीत शेकोट्या पेटतात. त्या थंडीत मागच्या खोलीतून कूलरची घरघर ऐकून प्रीतम धावत आला. "आई, पागल झाली का तू? थंडीनं मरशीन ना." सिंधूताई दोन गोधड्या पांघरून ताटीपुढं निजली होती. ओठ निळसर. म्हणाली, "त्याले गरम होते."

"कोणाले?"

"मले," ती म्हणाली. पण पायल दारात उभी होती आणि तिनं ते नीट ऐकलं.

वजन उतरत गेलं. ब्लाऊज पायलनं दोनदा आत घेतला. सिंधूताईला त्याचं काही वाटेना. आपण झिजतोय आणि तो भरतोय, इतकंच तिच्या मनात येई. एकाच ताटात दोघं जेवायला बसलं की असं व्हायचंच.

यंदाच्या मे महिन्यात एका दुपारी ती खोकली आणि पदर लाल झाला. थोडंथोडकं नाही, वाटीभर. पायल मशीन सोडून आत आली. तिनं सासूला बसवलं, तोंड धुतलं, पाणी पाजलं, आणि जरा वेळानं खाली मान घालून विचारलं, "आई, तुम्ही रोज कोणाशी बोलता?"

"कोणाशीच नाही. मनाशीच."

"मनाशी बोलता ते मी ऐकलं हाये. मशीन बंद केली का ऐकू येते." पायलनं ओढणीचा पिळा घट्ट केला. "पण मंग उत्तर कोण देऊन राहिलं असते?"

कूलर घरघरत होता.

वस्तीतल्या डॉक्टरनं एक्स-रे पाहिला, मान हलवली आणि टीबी परत आली म्हणून पुन्हा सहा महिन्यांच्या गोळ्या लिहायला घेतल्या. पायल तिखट होती ते बरं. तिनं विचारलं, "थुंकी नाही तपासली अन् गोळ्या कायच्या देऊन राहिले?" कागद उचलला, सासूला उचललं आणि मेडिकलच्या, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्याच्या, छातीच्या ओपीडीत रांगेत जाऊन बसली.

तिथं डॉक्टर हिमानी भेटल्या. तिशीच्या, चष्मा डोक्यावर सारलेला, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायची सवय. थुंकी तपासली, टीबी नव्हती. मग स्कॅन काढला, एकदा पाठीवर निजवून, एकदा पालथं. दोन्ही चित्रं शेजारी लावून त्या सांगू लागल्या, "मावशी, ही तुमची जुनी पोकळी. आणि हिच्यात हा गोळा पाहा..."

"हलते तो," सिंधूताई म्हणाली. "मी कूस बदलली का तो बी बदलते."

डॉक्टरांचा हात तिथंच थांबला. "हो," त्या म्हणाल्या, "हलतो. तुम्हाला कसं कळलं?"

"बुरशी आहे ती," त्यांनी पुढं सांगितलं. टीबीनं करून ठेवलेल्या रिकाम्या जागेत हवेतली बुरशी जाऊन बसते आणि वर्षानुवर्षं वाढत गोळा होते. हवेत तर ती असतेच, पण ओल, बंद खोली, कुजकं गवत, जुन्या ताट्या, तिथं फार. नेमकी कुठून आली हे छातीठोक सांगता येणार नाही. आता ती रक्ताच्या नळीला लागली होती. "टीबी बरी झाली, पण फुफ्फुसाची देखभाल तेव्हापासूनच व्हायला पाहिजे होती. दर सहा महिन्यांनी यायला हवं होतं. कोणी सांगितलं नाही?" मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "ऑपरेशन करून तेवढा भाग काढावा लागेल. नाही काढला, तर एक दिवस असं रक्त येईल की घरून इथं पोचायलाही वेळ मिळणार नाही. तो दिवस उद्या असेल की दिवाळीला, मी सांगू शकत नाही."

सिंधूताईला एवढंच कळलं, की ही पोरगी धोंडबाला कापून काढायचं म्हणते आहे. नवरा एकदा न पाहता गेला. आता दुसऱ्यांदा जाणार, आणि या वेळी सही आपली.

प्रीतमनं घरी येताच ताट्या उतरवल्या. हातात धरताच त्या चिखलासारख्या गळून पडल्या. आत खसाची एक मुळी शाबूत नव्हती, नुसता काळा, केसाळ लगदा. तो पोत्यात भरून प्रीतम घेऊन गेला, पायलनं खोली फिनाइलनं धुतली, कागद काढून खिडक्या सताड उघडल्या. सिंधूताई ओट्यावर बसून सगळं पाहत राहिली. तिला वाटलं, गेला आता. पण दुसऱ्या दिवशी दोन वाजता आडवी झाली, तर आतून आवाज आला, "सिंधू. ऊन येऊन राहिलं." तो ताटीत नव्हताच कधी.

ऑपरेशन झेपेल की नाही ते पाहायला आधी तीन आठवडे तयारी होती. दवाखान्याच्या लांबलचक वऱ्हांड्यात सहा मिनिटं चालायचं. नाकानं हवा घ्यायची आणि ओठांचा चंबू करून हळू सोडायची, गरम चहावर फुंकर मारतो तशी. खोकताना छातीशी उशी दाबून धरायची, म्हणजे पुढं टाक्यांना हिसका बसणार नाही. पायल रोज सकाळी समोर बसून मोजायची. सिंधूताई चिडायची, शिव्या द्यायची, पण करायची. पंधरा दिवसांत ती मधल्या पायरीवर न थांबता जिना चढली, तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. इतकी वर्षं कुणी एवढं शिकवलं असतं तर? आत तो मात्र कण्हत होता. "नको फुंकू, सिंधू. घुसमटते मले." रात्र असो की दिवस, आता त्याला दोन वाजायची गरज राहिली नव्हती.

सोमवारी भरती व्हायचं होतं. रविवारी दुपारी प्रीतम कामावर गेला, पायल मशीनवर बसली, आणि सिंधूताई मागच्या खोलीत जाऊन डाव्या कुशीवर निजली. तिला निकाल लावायचा होता. नवरा आहे, त्याच्या जिवाचा प्रश्न आहे, त्यालाच विचारायचं. तो जे म्हणेल ते.

"अजी," ती म्हणाली, "डॉक्टरीण म्हणते कापा लागते. नाही कापलं तं मी मरतो म्हणते. का करू मी?"

मग, अगदी प्रेमानं, "जाऊ नको, सिंधू."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. किती वाट पाहिली होती तिनं, कुणी तरी असं म्हणावं म्हणून.

"दवाखान्यात काय ठेवलं हाये?" आवाज म्हणाला. "लय गोळ्या खाल्ल्या. काय भेटलं? राहू दे. पडून राय. खिडकी लाव, अन् पडून राय."

सिंधूताईचे अश्रू गालावर होते तिथंच थांबले.

तिला आठवली ती टीबीच्या दुसऱ्या महिन्यातली सकाळ. गोळ्यांनी पोटात ढवळून निघत होतं, लघवी लाल, तोंड कडू. तिनं चारही गोळ्या मोरीत थुंकल्या होत्या आणि म्हटलं होतं, मरू द्या मले, नाही खात. धोंडबा तिच्यापुढं उकिडवा बसला. दुसऱ्या चार गोळ्या काढल्या. डोळे भरले होते, आणि बोलला काय, तर, "गीळ आधी. मंग शिव्या दे." तिनं गिळल्या आणि पोटभर शिव्या दिल्या. तो शांतपणे ऐकत बसला, अर्ध्या तासानं केळं सोलून दिलं. त्या सहा महिन्यांत त्यानं घरातल्या खिडक्यांची दारंच बिजागऱ्यांतून काढून ठेवली होती, हवा पाहिजे म्हणून. मांजर येऊन दूध प्यायचं तरी लावू देत नव्हता.

खिडकी लाव म्हणणारा हा कोण?

पण बाई खंबीर. आवाज होता तसाच ठेवून तिनं विचारलं, "अजी, मी गोळ्या मोरीत थुंकल्या होत्या, तवा तुम्ही का म्हणलं होतं? आठवते का?"

आतला श्वास थांबला. मग एक घरंगळणं, विचार करत कूस बदलल्यासारखं.

"म्हटलं होतं," तो म्हणाला, "राहू दे, सिंधू. नको खाऊ."

सिंधूताई उठून बसली. तीन वर्षं तिनं याला सगळं सांगितलं होतं. पोराचं, सुनेचं, माहेरचं, अंथरुणातलं. यानं ऐकून घेतलं होतं, आणि जे ऐकलं तेच थोडं थोडं परत दिलं होतं. आपलं असं त्याच्याजवळ काहीच नव्हतं. तिनं कधी न सांगितलेली एक गोष्ट विचारताच तो उघडा पडला होता.

"तू कोण हाये?" तिनं विचारलं.

बाहेर गल्ली सुनसान होती. उघड्या खिडकीतून उन्हाचा पट्टा पलंगावर पडला होता, आणि तिची छाती त्या पट्ट्यापासून मागं, सावलीकडं ओढली जात होती. ती ओढत नव्हती.

"आत बरं हाये," आवाज म्हणाला. अजून धोंडबाचाच आवाज होता तो, तेच सगळ्यांत वाईट. "आत ओलं हाये. बाहेर काय ठेवलं हाये?"

"पायल!" सिंधूताई इतक्या मोठ्यानं ओरडली की मशीन खाडकन थांबली. "ऑटो बोलाव. आताच."

"आई, भरती उद्या हाये ना? दोन वाजून राहिले, चटके बसते बाहेर..."

"मी याच्यासंगं अजून एक रात नाही काढत. ऑटो बोलाव म्हणतो ना!"

पायलनं सासूच्या तोंडाकडं पाहिलं. याच्यासंगं म्हणजे कुणासंगं, हे तिनं विचारलं नाही. पिशवी तयारच होती. पाच मिनिटांत दोघी ऑटोत होत्या. रस्ता पांढरा फटफटीत, सिग्नलला एक माणूस नाही, आणि सिंधूताईच्या गळ्याखाली तो सारखा बोलत होता. सिंधू, नको. सिंधू, मी एकटा पडीन. सिंधू, तुले किती दिवसानं भेटलो मी. तिनं ओठांचा चंबू केला आणि फुंकर सोडली. पुन्हा नाकानं घेतली, पुन्हा सोडली. पायल मोजू लागली. मेडिकलच्या फाटकात ऑटो शिरता शिरता तोंडात गरम, खारट काही तरी भरून आलं आणि पायलच्या ओढणीचा पदर लाल झाला. घरी असतो तर, असं कुणीही बोलून दाखवलं नाही.

रक्त थांबवायला रात्र गेली. प्रीतम वाडीहून गोदामाच्या कपड्यांतच आला आणि पायऱ्यांवर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. सहीचा कागद आला तेव्हा डॉक्टर हिमानींनी विचारलं, "मावशी, काही विचारायचं आहे?"

"मले भूल देसान," सिंधूताई म्हणाली, "तं त्याले बी देसान का? जागा राहिला तं तो मले बोलावते."

डॉक्टरांनी क्षणभर प्रीतमकडं पाहिलं. मग त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "तुमचा आवाज बंद झाला की त्याचाही होईल. मी तिथंच असेन." सिंधूताईनं सही केली. मोठी, ठसठशीत, धोंडबानं शिकवलेली.

टेबलावर, दिव्याखाली, तोंडावर मास्क येताना तो शेवटचं बोलला. आता आवाज धोंडबाचा नव्हता. बाईचाही नव्हता, माणसाचा म्हणावा असाही नव्हता. "मंग मी कुठं जाऊ?" तो म्हणाला. तिला त्याची दया आली, हे तिनं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. पण तिनं उत्तर दिलं नाही.

जाग आली तेव्हा संध्याकाळ होती. कुशीत नळी, घशात कोरड, डाव्या बाजूला आगीचा पट्टा. पायल स्टुलावर बसल्या बसल्या पेंगत होती. सिंधूताई निपचित पडून ऐकत राहिली. तिचा श्वास आत गेला. बाहेर आला. मग काहीच नाही. पुन्हा आत, पुन्हा बाहेर, आणि मधल्या त्या अर्ध्या क्षणात काहीच नाही. तिनं थोडी मान वळवली. आत कुणी कूस बदलली नाही.

आणि तिला रडू फुटलं. आधी नुसते ओठ थरथरले, मग पोटातून कढ वर आला. चार वर्षांपूर्वी घाटावरून प्रीतम एकटा परत आला होता, तेव्हा घरच्यांनी तिला रडू दिलं नव्हतं. दम लागेल, आई. खोकला उठेल. गप राय. आणि ती गप राहिली होती.

पायल दचकून उठली. "का झालं आई? लय दुखते का?"

"तुहे सासरे गेले वं, पायल," सिंधूताई म्हणाली.

चार वर्षं झाली त्याला, असं पायलच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

आवाज ऐकून सिस्टर धावत आली. "अहो, रडू देऊ नका त्यांना, टाक्यांवर ताण येईल."

"रडू द्या," पायल म्हणाली. तिनं पायथ्याची उशी उचलली, सासूच्या बरगड्यांशी नीट लावली, आणि प्रत्येक हुंदक्याला टाके तुटू नयेत म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरून बसली.